हिरव्या टेपचा वेढा

आक्का,

कंपनीच्या फळ्यावर तुमचा फोटो लावला आहे. खाली पाच ओळी आहेत, त्या मी लिहिल्या. ‘मनमिळाऊ, कष्टाळू आणि सर्वांना सांभाळून घेणाऱ्या कौसल्याताई’ असं त्यात आहे, आणि शेवटी माझी सही, पदासकट. मोठ्या साहेबांचा पुण्याहून फोन आला होता, की जरा मनापासून लिहा. मनापासून लिहायला बसले आणि ‘मनमिळाऊ’ हा शब्द आला. तुम्ही वाचला असतात तर तोंडाला पदर लावून हसला असतात. तुमच्याइतकी खवट बाई मी नागापूरच्या एमआयडीसीत दुसरी पाहिली नाही, आणि माझ्याशी तर तुम्ही दोन वर्षांत सरळ असं फार थोडं बोललात. त्या पाच ओळी साहेबांसाठी होत्या. हे तुमच्यासाठी.

आज शुक्रवार. तुम्हाला जाऊन सहावा दिवस.

सुरुवात डब्यापासून करावी लागेल, कारण आपलं वाजलं ते तिथूनच. मी मॅनेजर म्हणून आले त्या पहिल्या सकाळी तुम्ही बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसला होतात. मांडीवर स्टीलचा मोठा डबा आणि समोर बत्तीस बायकांची रांग. आपण गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवतो, आणि वायरीच्या टोकाला टर्मिनल दाबणाऱ्या मशीनपाशी काचेची बांगडी चालत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण एकेकीचा हात हातात घ्यायचा, सावकाश बांगड्या उतरवायच्या, त्या टाकाऊ वायरीच्या तुकड्यात ओवून पिळा मारायचा आणि डब्यात ठेवायच्या, हा काय प्रकार ते कळेना. प्रत्येकीच्या वायरीचा रंग ठरलेला होता. आणि बांगड्या उतरल्या की मनगटाला हिरव्या इन्शुलेशन टेपचा एक वेढा. मी घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं गेली.

विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, की आधीच्या साहेबांनी बांगड्या काढायचा हुकूम काढला आणि सगळ्या बायका गेटवर बसून राहिल्या. नवरा जिवंत असताना हात मोकळे करायला कोणी तयार नव्हतं. मग तुम्ही लाईनवरचा हिरवा टेप उचललात आणि पहिला वेढा स्वतःच्या मनगटाला दिलात. शोभाबाईंना नवरा नाही, त्यांनाही तोच वेढा. मला कशाला, असं त्या म्हणाल्या, तर तुम्ही म्हणालात की टेप कंपनीचा आहे, तुझ्या बापाचा नाही. मला गोष्ट आवडली, मी हसलेसुद्धा. पण मी तेव्हा अकरा गुणिले महिन्याचे दिवस असा हिशेब करत होते. ज्या अडचणीसाठी ही पद्धत निघाली ती केव्हाच सुटली, आता नुसती सवय उरली आहे, असं माझं मत झालं.

दुसरी कटकट तुमच्या बदलांची होती. मी आदल्या दिवशी तक्ता लावायचे, कोण कुठल्या मशीनवर. तुम्ही सकाळी त्यातली दोन-तीन नावं खुशाल हलवायचात. रेखाला मशीनवरून काढून पॅकिंगला पाठवायचात. कारण विचारलं तर एकच उत्तर, “आज तिचं बोट चालायचं न्हाई.” आजारी आहे का? न्हाई. मग? मग काही नाही. तुम्ही डबा उचलून चालायला लागायचात आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी वहीत लिहून ठेवलं होतं, ‘आवडत्या बायकांना हलकं काम देते.’ तारखेसकट.

मग मी कापडाच्या बाह्या शिवून घेतल्या. मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. बांगड्या आतल्या आत राहतील, हात मोकळे होणार नाहीत, रांग नको, डबा नको. बायका खूश झाल्या, साहेबांनी मला पुण्याला बोलावून सर्वांसमोर कौतुक केलं. डबा स्टोअरमध्ये गेला. तुम्ही बाही हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितलीत आणि म्हणालात, “झाकलं म्हंजी झालं, व्हय?” त्यानंतर बाह्यांबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला पटलं.

तुम्ही मनगट धरून काय बघत होतात, हे मला लाईनवरच्या अर्चनाने आता सांगितलं. ताप, थरथर, काळानिळा पडलेला डाग, रात्रभर जागलेल्या बाईची गार बोटं. त्या अकरा मिनिटांत तुम्ही बत्तीस बायकांची विचारपूस करून मोकळ्या व्हायचात, आणि कोणाला तोंड उघडावं लागत नव्हतं. मला ते दिसलं नाही. मी दारातच उभी होते, घड्याळ घेऊन.

पुढचं तर तुम्हाला माहीत आहे. साहेबांनी मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पुण्याचं मोठं हॉटेल, गालिचा, दर दीड तासाने चहा. विषय होता, नेतृत्व करणाऱ्याने आपल्या आणि हाताखालच्या लोकांच्या भावना कशा ओळखाव्यात. थट्टा करत नाही आक्का, मला ते मनापासून पटलं होतं. एका खेळात समोरच्याला आपलं एक दुःख सांगायचं होतं. मी एका अनोळखी माणसाला सांगितलं की माझा संसार मोडला आहे, मी वर्षभर एकटी राहते आणि कंपनीत कोणालाच माहीत नाही. रडलेही. तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हेच आपल्या लाईनवर न्यायचं.

म्हणून तो फळा आला. प्रत्येकीच्या नावापुढे रोज एक गोल कागदी ठिपका चिकटवायचा. मन बरं असेल तर हिरवा, बेताचं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. बायका त्याला टिकल्यांचा फळा म्हणायच्या. दोन महिने फळा हिरवागार होता. मी त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवायचे. एकदा तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहून तो बघत होतात. मी विचारलं, कसं वाटतंय? तुम्ही म्हणालात, “लाल टिकली सगळ्यांला दिसती, मॅडम.” मला वाटलं, तुम्ही रंगाबद्दल बोलताय. मी लालच्या जागी जांभळी आणली.

आणि रेखा. रेखाबद्दल आपण शेवटपर्यंत भांडलो, आणि ते भांडण अर्धं राहिलं.

ती माझ्या केबिनमध्ये आली होती. फळ्यावर तिचा ठिपका हिरवाच होता, पण ती आली, दार लोटून घेतलं आणि नवरा मारतो म्हणून सांगितलं. बाही वर करून दाखवलं. मी प्रशिक्षणात शिकले तसं तिच्याकडे वाकून, तिच्या डोळ्यांत बघून ऐकलं. मला अभिमान वाटला होता, की बघा, माझ्याकडे येऊन बोलतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उभ्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, की रेखा घरी कठीण प्रसंगातून जाते आहे, आपण सगळ्यांनी तिच्या पाठीशी उभं राहू या. रेखा खाली बघत होती. तिने त्या दिवशी काम केलं, पुढचे दोन दिवस केलं, आणि मग ती आलीच नाही. त्यांच्या गल्लीत बातमी माझ्या मीटिंगमधून पोचली, आणि नवऱ्याने तिचं कामच बंद केलं.

तुम्ही त्या संध्याकाळी केबिनमध्ये आलात. बसा म्हटलं तरी बसला नाहीत. “तिनं तुमाला सांगितलं हुतं. लाईनीला न्हाई.” एवढंच बोललात. मी तुम्हाला व्याख्यान दिलं. मारणारे नवरे याच गप्प बसण्यावर माजतात, तुम्ही सगळ्या झाकत राहता म्हणून हे चालतं, वगैरे. आक्का, त्यातलं थोडं मला आजही खरं वाटतं. तुम्हीही झाकायचात. खराब जुडग्यांचा ठपका पोरींवर येऊ नये म्हणून ते अॅप्रनच्या खिशात घालून बाहेर नेताना मी तुम्हाला स्वतः पकडलं होतं. रेखाचे डाग तुम्हाला माझ्याआधी दीड वर्ष माहीत होते. तुम्ही काय केलंत? तिला पॅकिंगला बसवलंत, बस. हे मला तुम्हाला तोंडावर विचारायचं होतं. मी तिला उघडं पाडलं, पण तुम्ही तिला सोडवलं तरी कुठे? तुमच्याकडे याचं काहीतरी उत्तर असणार, आणि ते असं असणार की मला दोन दिवस झोप लागली नसती.

त्यानंतर माझ्या केबिनमध्ये कोणी दार लोटून घेतलं नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ असा लावला की सगळं ठीक चाललं आहे.

तुमचे उपकारही आठवतात, आणि तेच जास्त टोचतात. माझ्या पहिल्याच महिन्यात मी ड्रॉइंग चुकीचं वाचलं आणि अख्ख्या दिवसाचा माल उलट्या रंगाच्या वायरींनी बनला. साहेब आले तेव्हा मी थिजून उभी होते. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, माझ्याच ध्यानात न्हाई आलं साहेब. त्यांनी तुम्हाला सगळ्यांदेखत झापलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत. नंतर मी आभार मानायला आले तर म्हणालात, बेलापूरची माणसं, उसाच्या गावची, लई गोड बोलत्यात, आता जावा कामाला. दिवाळीनंतर तुम्ही राजूरकडच्या तुमच्या माहेराहून तांदूळ आणायचात, त्यातला एक किलो माझ्या टेबलावर असायचा. कोणी ठेवला ते विचारायचं नाही, असा शिरस्ता होता.

आणि तो चहाचा प्रसंग. कॅन्टीनमध्ये तुम्ही मला कप दिलात आणि देता देता माझं मनगट धरलंत. त्यावर नुसतं घड्याळ. अंगठा तसाच ठेवून तुम्ही हळूच विचारलंत, “झोप न्हाई व्हत का?” बाजूला कोणीही नव्हतं. तुम्ही नीट बघून, वेळ साधून विचारलं होतंत. मी हात ओढून घेतला. काही नाही, म्हणाले, आणि कामाचं बोला आक्का, असंही म्हणाले. चार दिवसांनी तुम्ही पुन्हा विचारलंत, पुन्हा तसंच, कप देताना. मी पुन्हा काही नाही म्हणाले. पुण्याच्या हॉटेलात एका परक्या माणसाला सांगितलेलं मी तुम्हाला सांगितलं नाही.

आता मंगळवार आणि शुक्रवार.

दीड वर्षापूर्वी ऑर्डर वाढल्या आणि साडेतीनची सुट्टी झाल्यावर दोन तास जादा थांबायला मी सांगितलं. तुम्ही सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार थांबायचात. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेतीनला उठायचात. तुम्ही उठलात की तुमच्यामागून दोघी उठायच्या, आणि तिघी गेल्या की बाकीच्याही पिशव्या उचलायच्या. दोघी दर वेळी वेगळ्या. मी गोडीने विचारलं, चिडून विचारलं, नोटीस काढली. तुम्ही म्हणायचात, “घरी काम हाय.” दर मंगळवारी आणि शुक्रवारी घरी असं कोणतं काम असतं? माझी पक्की खात्री झाली की डब्याचा वचपा काढताय, बायकांना फूस लावून मला माझी जागा दाखवताय. साहेबांना मी तसंच कळवलं. त्यांनी लिहिलं, योग्य तो निर्णय घ्या. मग दोन महिन्यांपूर्वी मी सकाळच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, तुमच्या अॅप्रनवरचा लाईन इनचार्जचा बिल्ला परत मागितला. तुम्ही पिन काढताना तुमची बोटं अडखळली. मला वाटलं, आता कसं! हे मी असं लिहिते आहे कारण मला तसंच वाटलं होतं. अर्चनाला इनचार्ज केलं. तिने तो बिल्ला लावला नाही, खिशात ठेवला, तेही मी वहीत लिहून ठेवलं.

मग ऑडिटचा शुक्रवार आला. ग्राहकाची माणसं संध्याकाळपर्यंत थांबणार होती. माल पुन्हा तपासणीत पडला तर ही लाईन चाकणला हलवतील असं साहेब म्हणाले होते, आणि मी ते बायकांना जसंच्या तसं सांगितलं होतं. साडेतीन वाजले. तुम्ही उठलात. मी लाईनच्या टोकाला येऊन उभी राहिले, घड्याळाकडे बघत नव्हते पण बघत असल्यासारखीच. मागे ऑडिटवाले, पुढे बत्तीस जणी. मी म्हणाले, “आक्का, आज काही अडचण आहे का? असेल तर सगळ्यांसमोर सांगा.”

अर्चनाने तोंड उघडलं होतं. तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि तिने ते मिटलं. मग तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “न्हाई, मॅडम.” आणि खाली बसलात. मी हुश्श केलं. सहा वाजेपर्यंत तुम्ही टेपिंगच्या फळीवर बसून होतात. तुमचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, हे मी पाहिलं होतं. पाहिलं होतं, आक्का. मी एकदाच विचारलं, आणि मला हवं ते उत्तर मिळाल्यावर मी दुसरीकडे वळले. ऑडिट पार पडलं. मी बायकांना पेढे वाटले. तुम्ही पेढा पदरात बांधून नेलात.

रविवारी सकाळी अर्चनाचा फोन आला.

मी पोचले तेव्हा तुम्हाला आंघोळ घालून झाली होती आणि नवी साडी नेसवली होती. तुमच्या राजूरकडच्या बायका हिरवा चुडा भरत होत्या. उजव्या हातात बांगड्या नीट गेल्या. डाव्या हातात जाईनात. दोन फुटल्या. हात सुजला होता आणि कोपराखाली शीर दोरासारखी फुगून वर आली होती, तिच्यावर टोचल्याच्या खुणाच खुणा, काही जुन्या, काही खपली धरलेल्या. एक म्हातारी म्हणाली, एक हात मोकळा कसा धाडायचा बाईचा? अर्चनाने पर्समधून हिरव्या टेपचं रीळ काढलं. मला म्हणाली, “मॅडम, हात धरा.”

मी तुमचा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. अर्चना टेप गुंडाळत होती आणि खालच्या आवाजात सांगत होती, मान वर न करता. किडन्या गेल्या होत्या. दीड वर्ष डायलिसिस चालू होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, चारचा नंबर. तुमचे यजमान, दादा, टेम्पो घेऊन बाहेरगावी असायचे, म्हणून लाईनवरच्या दोघी दोघी पाळीने बरोबर जायच्या. ज्यांची पाळी नसायची त्या तुमच्या घरी जाऊन भाकरी टाकायच्या. बत्तीस जणींना माहीत होतं. कॅन्टीनच्या बाईला माहीत होतं. मला का सांगितलं नाही, हे मी विचारायच्या आतच अर्चना म्हणाली, “आक्का म्हनायच्या, मॅडम वाईट न्हाईत. पन त्यांला सांगितलं की त्या चांगुलपनानं मला घरी बसवतील, आन फळ्यावर लिवतील.”

खोटं नाही. मी तसंच केलं असतं.

आणि बाह्या. मी शिवलेल्या. दीड वर्ष तुम्ही त्या एका बाहीखाली तो हात ठेवून माझ्यासमोर काम केलंत. डबा चालू असता तरी मला कळलं असतं असं नाही, तुम्ही तुमच्या बांगड्या तुमच्या तुम्हीच उतरवत होतात. सगळ्यांचे हात तुम्ही बघितलेत आणि तुमचा हात कोणाला दिला नाहीत. मला तुमचा रागही येतो. शुक्रवारी तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी स्वतः गाडी काढली असती. बोलायला हवं होतंत. बोलला नाहीत, कारण मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, आणि तुम्हाला बत्तीस जणींचं काम सांभाळायचं होतं. हे दोन्ही मला कळतं आणि राग जात नाही.

दादा ओट्यावर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणूनच बहुतेक उभी होते. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारची वेळ चुकली, शनिवारी नंबर मिळाला नाही, अंगात पाणी साठलं, छातीवर दाब आला, एक वेळ चुकून कोणाचं निभावतं, कोणाचं नाही. एवढं दादांनी मला शांतपणे सांगितलं. मग विचारलं, “तुमचं ऑडिट झालं का नीट? ती लई काळजीत हुती.” मी झालं म्हणाले. बरं झालं, म्हणाले ते.

सोमवारी मी साडेसहालाच कंपनीत गेले. स्टोअरमधून डबा काढला, पुसला. त्यात अजून वायरीचे तुकडे होते, लाल-पांढरा, निळा, पिवळ्यावर काळी रेघ. टिकल्यांचा फळा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग दारात तुमच्या स्टुलावर बसले. बायका आल्या. रांग लागली नाही. एकेक जण माझ्याकडे बघून, बाही खाली ओढून आत गेली. कोणीही हात पुढे केला नाही. त्यांनी उद्धटपणा केला असंही म्हणता येणार नाही, शोभाबाई तर नमस्कार मॅडम म्हणाल्या. सगळ्यांत शेवटी अर्चना आली. माझ्या हातातलं टेपचं रीळ काढून घेत म्हणाली, मॅडम, तुम्ही ऱ्हाऊ द्या. मी उठले, ती बसली. आत गेलेल्या बायका बाहेर आल्या आणि तिच्यापुढे रांग लागली. बाह्या निघाल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि यावेळी घड्याळाकडे बघितलं नाही. संपल्यावर अर्चना माझ्याकडे वळून म्हणाली, तुमचा हात? मी म्हणाले, माझ्या हातात बांगड्या नाहीत, मला काही नको. ती बरं म्हणाली. मंगळवारीही तिने विचारलं, बुधवारीही.

मंगळवारी साडेतीनला दोघी सवयीने उठल्या. गेटपर्यंत गेल्या आणि परत आल्या. आज शुक्रवारी साडेतीन वाजले, भोंगा झाला आणि कोणी उठलंच नाही. बत्तीस होत्या, आता एकतीस. एकतीस जणी मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. ज्यासाठी मी दीड वर्ष नोटिसा काढल्या ते आज मला आयतं मिळालं, सगळ्या ओव्हरटाइमला थांबायला तयार होत्या. टेपिंगच्या फळीवर तुमची जागा रिकामी होती. मी तिथे जाऊन बसले.

अर्चना शेजारी आली. मागून कोणी बघत नाही ना, हे तिने तुमच्यासारखंच आधी पाहिलं. मग हात पुढे केला. मी घड्याळ काढलं आणि डावा हात दिला. तिने टेपचा एक वेढा दिला, कात्रीने कापला, टोक दाबलं, आणि अंगठा तसाच मनगटावर ठेवला.

“हात लई गार हाय, मॅडम. काय झालंय?”

“काही नाही,” मी म्हणाले.

तिने हात सोडला नाही. पुन्हा विचारलं.